कंप, विसर आणि गुंगी : वय की औषध?

घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताला कंप सुटला, बोलताना शब्द आठवेनासे झाले, बसल्या जागी डोळा लागू लागला, की घरात एकच उद्गार निघतो : "आता वयच झाले." पुष्कळदा ते खरेही असते. मात्र ज्या घरी कोणी सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स हे औषध घेत आहे, तेथे हा निर्वाळा देण्यापूर्वी औषधांचा डबा उघडून पाहावा, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

या औषधाचा जन्म मोठा विलक्षण आहे. 1882 साली प्रयोगशाळेत तयार झालेले व्हॅल्प्रोइक आम्ल पुढची ऐंशी वर्षे केवळ इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरले जात होते. 1962 च्या सुमारास फ्रान्समध्ये काही नव्या पदार्थांची चाचणी चालू असताना लक्षात आले, की झटके थांबवणारा गुण त्या पदार्थांचा नसून ते ज्यात विरघळवले होते त्या द्रावकाचाच आहे! आज अपस्माराच्या अनेक प्रकारांत, बायपोलर विकारातील उन्मादात आणि अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी हे औषध वापरले जाते. त्याने असंख्य रुग्णांचे आयुष्य सावरले आहे, हे आधी मान्य करूनच पुढचे वाचावे.

उतारवयात मात्र त्याचे गणित बदलते. हे औषध रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. परिणाम घडवतो तो न चिकटलेला, मोकळा अंश. वय, कुपोषण, यकृताचे वा मूत्रपिंडाचे विकार यांमुळे अल्ब्युमिन घटते आणि मोकळा अंश वाढतो. म्हणून तपासणीत एकूण पातळी 50 ते 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या नेहमीच्या मर्यादेत दिसली, तरी त्या शरीराला ती मात्रा जड जात असू शकते.

याची लक्षणे फसवी असतात. कपबशी धरताना हात थरथरतो, चाल मंदावते, पाय घासत पडतात. पाहणाऱ्याला हा कंपवातच वाटतो. स्मरण मंद होते आणि स्मृतिभ्रंशाची शंका येते. तोल जातो, भूक मंदावते. औषध सुरू होऊन महिने किंवा वर्षे लोटल्यावरही हे घडू शकते, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. मग कंपासाठी एक गोळी वाढते, विसरासाठी दुसरी. वास्तविक औषधामुळे आलेली ही लक्षणे मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बहुधा ओसरतात. त्याला काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कारण वयाला उपाय नसतो, पण मात्रेला असतो.

तरीही एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. औषध एकाएकी थांबवल्यास झटके उलटून येतात, कधी एकामागोमाग एक येत राहतात आणि जिवावर बेततात. मात्रा कमी करणे हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू व्हायला हवे. झटका आलाच तर रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

काही लक्षणांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये. पोटात तीव्र वेदना व उलट्या (स्वादुपिंडाचा दाह), डोळे वा लघवी गडद पिवळी होणे (यकृताची इजा), हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग (प्लेटलेट्स घटणे), आणि अचानक वाढलेली गुंगी किंवा असंबद्ध बोलणे. या शेवटच्या लक्षणामागे रक्तातील वाढलेला अमोनिया असू शकतो. यकृताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक असूनही तो वाढतो, म्हणून त्याची वेगळी तपासणी करावी लागते.

इतर औषधांशीही याचे सख्य बेताचेच आहे. रुग्णालयात गंभीर जंतुसंसर्गासाठी मेरोपेनेमसारखी इंजेक्शने दिली, तर व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी एका दिवसात कोसळू शकते व थांबलेले झटके परततात. म्हणून कोणत्याही कारणाने दाखल होताना हे औषध चालू असल्याचे आधी सांगावे. लॅमोट्रिजिन सोबत असल्यास त्याची पातळी वाढते. अंगावर पुरळ दिसताच डॉक्टरांना दाखवावे. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन चालू असेल तर तेही न चुकता सांगावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची चिडचिड वा आक्रमकता शमवण्यासाठी हे औषध कधीकधी दिले जाते. त्यासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही, दुसरे कारण नसल्यास, ते न देण्यास सांगतात. केवळ याच कारणासाठी ते चालू असेल, तर त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

घरातील लेकीसुनांनी ही गोळी कधीही परस्पर घेऊ नये. गरोदरपणी घेतल्यास शंभरातील सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात.

शेवटी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडेसे. पाकिटावर 'क्रोनो' किंवा 'सीआर' असे असल्यास गोळी कुटून वा चावून देऊ नये; गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्यावे. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट गोळी देऊ नये. एका वहीत गोळीचे नाव, मात्रा, ती कधीपासून व कशासाठी चालू आहे, आणि कंप, झोप, चाल, भूक यांत केव्हा बदल जाणवला, हे तारखेनिशी लिहावे. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवून एवढेच विचारावे : "हा बदल वयामुळे आहे, की या गोळीमुळे?"