संप टळला. पण उरणने काय केलं?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. गणपतीच्या तयारीच्या गडबडीत वेळ मिळेल तेव्हा वाचा, पण वाचा.

२७ ऑगस्टला, गोपाळकाल्याच्या दिवशी, बंदर कामगारांचा संप टळला. दुसऱ्या दिवसापासून देशातल्या १२ प्रमुख बंदरांत बेमुदत संप होणार होता. त्यात आपलं जेएनपीएही होतं. शेवटच्या क्षणी ८.५ टक्के वेतनवाढीवर एकमत झालं, महासंघांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि विषय संपला. त्या संध्याकाळी उरणात कुणाला विचारलं असतं तर "कसला संप?" असंच उत्तर आलं असतं. थर लागत होते, डीजे वाजत होता. सणाला माझी हरकत नाही. पण त्याआधीचे पंधरा दिवस मी नाक्यावर, लोकलमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे ऐकत होतो त्यावर लिहायलाच हवं.

"आधीच रग्गड पगार घेतात, अजून काय पायजे यांना?"

"टाउनशिपमधे राहतात, त्यांना काय कमी?"

"आपला काय जातंय त्यात? त्यांचा ते बघतील."

हे बोलणारे कोण? जेएनपीटीसाठी ज्यांच्या आजोबांची भातशेती गेली, मिठागरं गेली, त्याच घरातली पोरं. म्हणून जास्त लागलं.

आधी मागणी काय होती ते समजून घेऊ. बंदर कामगारांचा पगार पाच-पाच वर्षांच्या करारावर ठरतो. जुना करार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. नवीन करारासाठी समिती त्याच वर्षी नेमली होती. बैठका झाल्या, चहा झाले, तारखा पडल्या. ऑगस्ट २०२४ उजाडला तरी जानेवारी २०२२ पासूनचा पगार ठरलेला नव्हता. म्हणजे ३२ महिने. तुमच्या-आमच्या घरात ठरलेली पगारवाढ ३२ महिने लटकली तर आपण काय करू? देशभरातल्या वीसेक हजार कामगारांनी नोटीस दिली, एवढंच.

आणि बंदरात संप म्हणजे "आज डोकं फिरलं, उद्या काम बंद" असं नसतं. प्रमुख बंदरातली सेवा ही तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात लोकोपयोगी सेवा धरली जात होती. आधी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर १४ दिवस थांबावं लागतं, समेटाची बोलणी सुरू असतील तर संप करता येत नाही. थोडक्यात, सरकारला बोलायला भरपूर वेळ मिळतो. तरी तो वेळ शेवटच्या दिवसापर्यंत वापरला जात नाही हा आपल्याकडचा रिवाज. ३२ महिने जे जमलं नाही ते नोटिशीने जमवलं. ज्यांना संप म्हणजे नुसता त्रास वाटतो, त्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

संप झाला असता तर त्रास झालाच असता, ते नाकारत नाही. २०२३-२४ मध्ये जेएनपीएने ६४ लाखांहून जास्त टीईयू कंटेनर हाताळले. (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजणी.) एवढं काम चार दिवस थांबलं तर करळ फाट्यापासून जासई, गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलर उभे राहतात. परराज्यातला ड्रायव्हर गाडीखालीच स्टोव्ह पेटवून बसतो. सीएफएसमधल्या रोजंदारीवाल्याची हजेरी बुडते. टपरीवाला, टायरवाला, जेवणाचे डबे देणाऱ्या आपल्या बायका, सगळ्यांचं गणित बिघडतं. आणि सगळी टर्मिनल खासगी झाली म्हणून संपाचा परिणाम नाही, असंही नाही. जहाज खाडीत आत आणायचं, त्याची वाहतूक सांभाळायची हे काम आजही बंदर प्राधिकरणाकडेच आहे.

त्रास होणार म्हणून संप नको, हे म्हणणं मला समजतं. "आपला काय जातंय" हे मात्र समजत नाही. कारण आपलं बरंच काही गेलेलं आहे.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. दास्तान फाटा आणि नवघर फाटा. पोलिसांच्या गोळीबारात आपली पाच माणसं गेली. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी ते आंदोलन होतं. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची कल्पना त्यातून पुढे आली आणि नंतर राज्यभर तिचा दाखला दिला गेला. दरवर्षी जानेवारीत आपण हुतात्म्यांना मानवंदना देतो, हार घालतो, नेत्यांची भाषणं ऐकतो. पण त्या लढ्यात फक्त जमिनीचा भाव नव्हता. जमीन गेल्यावर खायचं काय, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर होतं बंदरातली नोकरी. मे १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. गावागावातली काही पोरं कायम झाली. पक्की घरं झाली, पोरी शिकल्या. आज ज्या पगारावर आपण नाकं मुरडतो, तो पगार त्या गोळीबाराच्या हिशोबातला आहे.

मग पुढे काय झालं ते तारखांनीच सांगतो. १९९९ ला पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल आलं, देशातलं पहिलं. २००६ ला दुसरं. २०१५ ला आणखी एक, २०१८ ला आणखी एक. राहिलं होतं बंदराचं स्वतःचं टर्मिनल. २०२० च्या डिसेंबरात कामगार त्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि जुलै २०२२ मध्ये तेही ३० वर्षांसाठी खासगी भागीदारांकडे गेलं. सरकारी कागदात याला लँडलॉर्ड पोर्ट म्हणतात. म्हणजे बंदर झालं घरमालक, काम करणार भाडेकरू. आता सांगा, ती जमीन मुळात कुणाची होती?

या सगळ्यात कायम नोकऱ्या आटत गेल्या आणि काम मात्र वाढत गेलं. ते काम कोण करतं? आपलीच पोरं. लॅशिंगला, चेकर म्हणून, सर्व्हेअरच्या हाताखाली, सीएफएसच्या गोदामात. बहुतेक ठेकेदाराच्या नावावर. कायम कामगार नोटीस देऊ शकतो, कारण त्याच्या मागे युनियन आहे, करार आहे, कायदा आहे. ठेकेदाराकडच्या पोराने "पगारवाढ कधी?" एवढं विचारलं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालत नाही. मागे एका सीएफएसच्या गेटवर असंच बंद केलेल्या पोरांशी बोलत होतो. त्यातला एक म्हणाला, "दादा, पेपरात नाव छापू नका, दुसरीकडे पण घेणार नाही कोणी." बातमी बिननावाची छापली. बारावी झालेला, क्रेन चालवायचं प्रशिक्षण घेतलेला पोरगा होता.

म्हणून सांगतो, कायम कामगाराचा पगार हा काही आपल्या डोळ्यात खुपायचा विषय नाही. बंदराच्या कामाला काय मोल द्यायला हवं, याचं तालुक्यात उरलेलं ते एकच माप आहे. ते खाली आलं तर ठेकेदार आपल्या पोराला वर थोडाच नेणार आहे? तो म्हणेल, कायमवाल्याला एवढंच मिळतं, मग तुला एवढं कशाला?

आता दुसरी बाजू. युनियनवाल्या मित्रांना राग येईल, येऊ दे. वीसेक वर्षं तुमच्या गेट मीटिंग कव्हर करतोय. भाषणात कंत्राटी कामगाराचं नाव येतं ते शेवटी, तेही "आणि आपल्या कंत्राटी बांधवांनाही" एवढंच. तुमचा ८.५ टक्क्यांचा आनंद खरा आहे, पण तुमच्याच क्रेनखाली लॅशिंग करणाऱ्या पोराला या कराराचं काय? तुम्ही त्याला बांधव म्हणता, मेंबर कधी करणार? गाव तुमच्या मागे आलं नाही असं तुम्ही म्हणता. गावातला पोरगा तुमच्या दारात उभा होता तेव्हा तुम्ही तरी दार कुठे उघडलं?

आणि पुढारी. कुठल्याच पक्षाला यात वगळता येत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर "प्रकल्पग्रस्तांचा बुलंद आवाज" छापायचं आणि स्वतःच्या नाहीतर भावाच्या नावावर लेबर सप्लायचा ठेका, दहा-बारा ट्रेलर! असा माणूस संपाला पाठिंबा देईल कसा? त्याचंच नुकसान होणार. म्हणून नोटिशीच्या त्या पंधरा दिवसांत यांच्यापैकी एकाचंही निवेदन माझ्याकडे आलं नाही. एरवी साधं उद्घाटन असलं तरी चार फोटो येतात.

आपलं खरं दुखणं हे आहे की आपण एकाच गेटसमोर वेगवेगळ्या दिवशी उभे राहतो. हनुमान कोळीवाड्याची माणसं वाळवीने पोखरलेल्या घरांपायी चाळीस वर्षं नवीन पुनर्वसन मागतायत, होड्या घेऊन चॅनलमध्ये उतरली, तेव्हा कामगार ड्युटीवर होता. साडेबारा टक्क्यांसाठी शेतकरी हेलपाटे घालत राहिले, तेव्हा सीएफएसवाली पोरं म्हणाली, आमची जमीनच नव्हती. कामगार संपाची नोटीस देतो तेव्हा गाव हंडी फोडतं. समोरच्याला यापेक्षा सोयीचं काय असेल?

पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना लिव्हरपूलच्या गोदी कामगारांबद्दल वाचलं होतं. सप्टेंबर १९९५ मध्ये तिथल्या सुमारे पाचशे गोदी कामगारांना काढून टाकलं. कारण? दुसऱ्या कामगारांनी गेटवर धरणं धरलं होतं आणि ती रांग ओलांडून आत जायला यांनी नकार दिला. त्या लढ्यात कामगारांच्या बायकांनी स्वतःचा गट काढला, सभा घेतल्या, मदत गोळा केली. त्या गावचा फुटबॉलपटू रॉबी फाउलर याने १९९७ मध्ये युरोपियन सामन्यात गोल केल्यावर जर्सी वर करून आतला टी-शर्ट दाखवला, गोदी कामगारांना पाठिंबा देणारा. त्याला दंड झाला. जानेवारी १९९८ पर्यंत ते लढले आणि शेवटी हरले. नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. हे लपवत नाही, कारण गाव पाठीशी असलं की जिंकतातच असं मला म्हणायचं नाही. पण तिथे कुणी "आपलं काय जातंय" म्हणून घरी बसलं नव्हतं. आपल्याकडे क्रिकेटच्या टुर्नामेंट गावोगाव होतात, टी-शर्टवर ठेकेदाराचं नाव असतं.

आता कामाचं बोलतो. हा नवा करार ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे तो संपला की पुन्हा मागण्यांची यादी तयार होईल, पुन्हा नोटीस निघेल. तोपर्यंत करता येण्यासारखं एक काम आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. जेएनपीएबाधित गावांनी त्यात एक ठराव घ्यावा: आपल्या गावातली किती माणसं बंदरात, खासगी टर्मिनलात, सीएफएसमध्ये कामाला आहेत, त्यातली कायम किती, ठेकेदाराकडे किती, पीएफ कापतात का, पगाराची स्लिप मिळते का, याची यादी गावाने स्वतः करायची. खर्च काही नाही, शाळेच्या वहीत होईल. ती यादी युनियनच्या ऑफिसात नेऊन द्या आणि पोच घ्या. पुढच्या मागणीपत्रात या माणसांचं कलम कितव्या नंबरला टाकणार ते तिथेच विचारा.

ज्या गावात ठराव होईल त्यांनी मला कळवा, मी स्वतः येऊन बातमी करीन. ज्या गावात ग्रामसभा नुसती सह्यांवर उरकली जाईल, त्यांनीही कळवा.