टॅब बंद, पण दार उघडंच!

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले, की शिरूर काय नि दौंड काय, नेट कॅफेत पाय ठेवायला जागा नसते. महाडीबीटी उघडायचं, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, बँक खातं तपासायचं, प्रिंट घ्यायची, टॅब बंद करायचा आणि पळत एसटी गाठायची. पण मित्रांनो, टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे!

वेबचं मूळ तंत्र विसरभोळं. मागच्या क्लिकला कोण आलं होतं, ते त्याला आठवत नाही. १९९४मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी त्यावर कुकीचा तोडगा काढला. आज लॉगिन झालं, की बहुतेक सर्व्हर सेशनचा एक गुप्त क्रमांक कुकीत घालून ब्राउझरला देतात. पुढच्या प्रत्येक क्लिकला ब्राउझर तो दाखवतो. स्टेशनबाहेर गाडी लावल्यावर मिळणाऱ्या पावतीसारखंच हे. पावती ज्याच्या हातात, गाडी त्याची. पासवर्ड पुन्हा कुणी विचारत नाही.

ही पावती किती दिवस चालते? ते साइट बनवणारा ठरवतो. प्रोजेक्टसाठी तुमच्यातले काही जण जँगो वापरत असतील. त्यात काहीच बदललं नाही, तर सेशन २ आठवडे टिकतं, ब्राउझर बंद केला तरी. लॅपटॉप स्वतःचा असेल तर सोयच. पण एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर माणसं बदलतात, तिथं ही सोय धोक्याची ठरते.

मग सेशन ५ मिनिटांत संपवायचं? तेही नको. नेट रखडलं, दाखला अपलोड होता होता सेशन संपलं, की भरलेला अर्ज गेला आणि पुन्हा रांग. त्यामुळे वेळ संपण्याआधी सूचना द्या, अर्धा अर्ज सेव्ह होऊ द्या, 'हा कॉम्प्युटर माझा नाही' असा पर्याय ठेवा. लॉगआउट केल्यावर सर्व्हरवरचं सेशनही पुसा.

आणि आपण? कॅफेत खासगी विंडो उघडा, उठण्यापूर्वी लॉगआउट करा. विसरलात तर घरी येऊन पासवर्ड बदला. जँगोच्या नेहमीच्या लॉगिनमध्ये त्यानं जुनी सेशन्स बाद होतात. सगळ्याच साइटवर होतील असं नाही, म्हणून लॉगआउटचं बटण महत्त्वाचं.

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करणाऱ्यांनो, उद्याची पोर्टल्स तुम्हीच लिहिणार आहात. कॅफेतली ती रांग तुम्ही पाहिली आहे. सेटिंग बदलताना ती डोळ्यांसमोर ठेवा, एवढंच!