ऊन फुकट आहे, हिशेब नाही

कापडाचा ठोक व्यापारी ठाण मीटरने मोजून घेतो, सूत वजनावर घेतो. पण तोच व्यापारी गच्चीवर सोलर पॅनेल बसवतो तेव्हा बसवणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजून मोकळा होतो. हा कसला व्यवहार?

माझाच अनुभव सांगतो. दुकानाच्या दिवे-पंख्यांसाठी मी चार पॅनेल बसवले. दोन-दोनच्या दोन जोड्या, खाली २४ व्होल्टची बॅटरी. काही महिन्यांनी बॅटरी रात्री लवकर बसू लागली. बसवणारा म्हणाला, "शेठ, ऊन कमी पडतंय." मे महिन्यात ऊन कमी?

शेवटी ओळखीच्या वायरमनने प्रत्येक जोडीच्या तारेत एकेक शंट बसवला. शंट म्हणजे अगदी कमी रोध असलेली धातूची पट्टी. आमचा शंट ५० अॅम्पियर, ७५ मिलिव्होल्टचा. म्हणजे एका अॅम्पियरला दीड मिलिव्होल्ट. साधा मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून शंटच्या दोन टोकांना लावायचा आणि आकड्याला दीडने भागायचे. एवढेच गणित! भर दुपारी एका जोडीवर १२ मिलिव्होल्ट आले, म्हणजे ८ अॅम्पियर. दुसरीवर ९, म्हणजे ६ अॅम्पियर. त्या जोडीचा चौथा हिस्सा गायब. वर जाऊन पाहिले तर तिच्यावर धूळ, कबुतरांची घाण आणि शेजारच्या टाकीची सावली. पॅनेल धुतले, जागा बदलली, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले.

मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही जोड्या एकाच वेळी, स्वच्छ उन्हात मोजाव्यात. आणि बॅटरी पूर्ण भरलेली नसावी, कारण ती भरली की कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो. मग चांगले पॅनेलही खोटे ठरेल.

कारखान्यांच्या छपरावरील मोठ्या पॅनेलांची गोष्ट वेगळी. तिथे शेकडो व्होल्टचा डीसी असतो. उघड्या शंटला हात लावणे जिवावर बेतेल. चालू करंटवर जोड उपसला तर ठिणगी विझत नाही. तिथे तारेला बाहेरून पकडणारा क्लॅम्प मीटर वापरावा, तोही जाणकाराच्या हातून. मात्र खरेदी करताना तो डीसी अॅम्पियर दाखवतो ना, हे पाहावे. फक्त एसीचा साधा क्लॅम्प इथे कुचकामी. डीसीच्या क्लॅम्पमध्ये हॉल सेन्सर असतो. तो तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र ओळखतो, त्यामुळे तार तोडावी लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच : पॅनेल बसवून झाले की उन्हात प्रत्येक ओळीचा करंट मोजून, तारीख-वेळ घालून बिलावर लिहून घ्यावा. त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. पुढे तक्रार आली तर तोच आकडा साक्षीदार. आपल्या वायरमन मुलांनीही हे काम शिकून घ्यावे. मोजून देणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.