नाव कलाकाराचं, मालकी कंपनीची

आमच्या पारोळ्यातला एक मुलगा लग्नाच्या बँडमध्ये गातो. अहिराणी गाणी लिहितो, चालीही स्वतःच लावतो. वय एकवीस. परवा तो मुंबईच्या एका कंपनीचा करार घेऊन घरी आला. "चाचा, वर मन्हं नाव राही," म्हणाला. त्याच्या नावाचं लेबल निघणार होतं.

नऊ पानं, सगळी इंग्रजीत. चौथ्या पानावर खरी गोष्ट होती: मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, जगभरासाठी आणि कायमचं कंपनीचं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो. म्हणजे हा पोरगा ऐंशी ओलांडेल तेव्हा कंपनीचा हक्क सुटेल.

लेबलांची ही हवा आली कुठून? २०१९ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक इंडियानं अमेरिकन रॅपर नासच्या कंपनीबरोबर 'मास अपील इंडिया' काढलं. पहिला कलाकार अंधेरीचा डिव्हाइन. २०२२ मध्ये 'डेफ जॅम इंडिया' आलं. गल्लीतल्या पोरांना दार उघडलं, चांगलंच झालं. पण डिव्हाइनची स्वतःची 'गली गँग' कंपनी आहे, तो समोर बसून घासाघीस करू शकतो. पारोळ्याच्या पोरानं कोणाच्या जोरावर करायची?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं, तेव्हापासून कलाकाराचं नाव तबकडीवर आहेच. पुढे 'एचएमव्ही'ची 'सारेगामा' झाली, मालक बदलले, तरी जुनी मुद्रणं कंपनीकडेच राहिली. नाव छापण्याला कंपनीचं काही जात नाही.

आपल्याकडे इथे कुणीतरी रफीसाहेबांचा दाखला देतो. साठच्या दशकात लताबाईंनी रॉयल्टी मागितली, रफीसाहेब म्हणाले, गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंही सोडलं. रफीसाहेबांवर माझं प्रेम कुणापेक्षा कमी नाही, पण या भांडणात लताबाई बरोबर होत्या. एका माणसाचा मोठेपणा हा हजारो कलाकारांवर लादायचा नियम होऊ शकत नाही.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही. त्याच कायद्यात आधीपासूनची एक गंमत आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमचं' आणि 'जगभर' हे दोन शब्द करारात इतक्या काळजीनं टाकलेले असतात.

कंपनी जाहिरात करते, पैसा लावते, हे खरं. त्याचा वाटा तिनं जरूर घ्यावा. पण शेत बटाईनं देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं, हे खान्देशात शेंबड्या पोराला कळतं. आणि अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले ते इथल्याच पोरांच्या चॅनेलांवरून. ती चॅनेलं त्यांचीच आहेत.

मुलानं कंपनीला फोन लावला. हक्क पाच वर्षांसाठी देतो, मास्टर माझं राहू द्या, म्हणाला. उत्तर आलं, "हा स्टँडर्ड करार आहे, सगळे यावरच सही करतात." त्याची सही अजून झालेली नाही.