गाडी उंच झाली, रस्ता तिथेच राहिला!

१५ ऑगस्ट २०२५ रोजी देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना महिंद्रा कंपनीने मुंबईत चार नव्या गाड्यांची रूपे जगापुढे मांडली. त्यांतली 'व्हिजन टी' पाहताक्षणीच शौकिनांनी ओळखली. ही उद्याची थार! गाड्या रस्त्यावर येणार २०२७ पासून, असे कंपनीनेच तेव्हा सांगितले. म्हणजे लग्नाला दोन वर्षे अवकाश आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आजच! पण वऱ्हाडी मंडळी काय उत्साहात! मीरा रोडच्या चहाच्या टपरीपासून भाईंदरच्या जिमखान्यापर्यंत तरुणांच्या घोळक्यांत चर्चा सुरू झाली ती पुढच्या जाळीची, दिव्यांच्या आकाराची, चाकांच्या घेराची. कुणाला ती फार चौकोनी वाटली, कुणाला पुरेशी चौकोनी वाटली नाही.

या गाडीचे असे आधी दर्शन घडवणे ही आता रीतच झाली आहे. २०२० साली नवी थार १५ ऑगस्टला दाखवली आणि किंमत जाहीर केली २ ऑक्टोबरला. २०२३ च्या १५ ऑगस्टला विजेवर चालणाऱ्या थारचा नमुना दाखवला तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला. २०२४ मध्ये पाच दारांची 'थार रॉक्स' कोचीला स्वातंत्र्यदिनाच्या मध्यरात्री आली. त्यापूर्वी काळ्या-पांढऱ्या नक्षीचे आवरण चढवून चाचणीसाठी फिरणाऱ्या त्या गाडीची छायाचित्रे शौकिनांच्या मोबाइलमध्ये कित्येक महिने फिरतच होती. स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती हे दोन दिवस या देशात गाडी विकण्याचे मुहूर्त कधी झाले, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

आता या शौकिनांचे म्हणणे काय असते ते ऐकण्यासारखे आहे. त्यांत दोन तट आहेत. एक कट्टर. त्यांच्या मते थार म्हणजे चिखल, दगड, नदी आणि डोंगर यांतून वाट काढणारी जीप. तिला गाद्या-गिरद्या आणि काचेचे छत लावले की ती बाटली. दुसरा तट संसारी. त्याला रूप जीपचे हवे, पण मागच्या बाकावर आई-वडिलांना चढता यावे म्हणून मागे दारेही हवीत. कंपनीने ऐकले कुणाचे? जानेवारी २०२३ मध्ये तिने फक्त मागच्या दोन चाकांना जोर मिळणारी थार ९ लाख ९९ हजारांना बाजारात आणली. डोंगर चढण्यासाठी घडवलेल्या गाडीतून डोंगर चढवणारे यंत्रच काढले. कट्टर मंडळी हसली, आणि गाडी मात्र खपली. माणसाला डोंगर नको आहे, डोंगर चढल्याचा रुबाब हवा आहे, हे कंपनीने नेमके ओळखले.

आम्हाला याहून महत्त्वाची वाटते ती बाकांच्या रंगाची गोष्ट. रॉक्सचे आतले आवरण पांढरे होते. ते पाहताच ओरड झाली. डोंगरात जाणाऱ्या गाडीला पांढरी गादी? चिखलाच्या पायांनी कोण बसणार? तक्रार रास्तच होती. आणि काय आश्चर्य! सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे गाडी आल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांत तपकिरी रंगाचा पर्याय कंपनीने जाहीर केला. पुढे ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडली, तर पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजार २१८ गाड्यांची नोंद झाली. नोंदणीची रक्कम प्रत्येकी २१ हजार रुपये. गुणाकार केला तर सुमारे ३७० कोटी रुपये एका तासात जमा! ज्याच्या मागे इतका पैसा उभा आहे, त्याची गादीच्या रंगाबद्दलची कुरकुरही सहा आठवड्यांत ऐकली जाते.

मग आम्ही विचारतो, लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाची कुरकुर किती वर्षांत ऐकली जाते?

मीरा-भाईंदर हे शहर २००२ साली महापालिका झाले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८ लाख ९ हजार ३७८ होती, म्हणजे दहा वर्षांत जवळपास तीन लाखांची भर. हा सगळा कष्टकरी, नोकरदार, फेरीवाला, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायांचा समाज कामाला जातो तो मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांतून. विरारहून भरून आलेल्या गाडीत इथल्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळवणे हे रोजचे युद्ध आहे, आणि आत शिरल्यावर आधीच दाटून उभे असलेल्यांचे टोमणे वेगळे. गंमत पाहा, थारच्या कंपनीचे आराखडा केंद्र आहे कांदिवलीत, मीरा रोडहून फक्त तिसरे स्थानक! ज्या शहरातल्या माणसाला दारात लटकून कांदिवली गाठावी लागते, त्याच शहरातला मुलगा कांदिवलीत रेखाटलेल्या गाडीच्या जाळीवर तास-तास बोलतो.

१५ ऑगस्ट २०२० चा दिवस आठवा. कोरोनाचा कहर होता. लोकल गाड्या १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी धावत होत्या. बाकीच्यांसाठी स्थानकाची दारे बंद होती. सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत का होईना, पुन्हा लोकलमध्ये पाऊल टाकता आले ते १ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्या साडेसात महिन्यांत खासगी नोकरी असलेल्या माणसाने दहिसर नाका कसा ओलांडला, ते त्यालाच ठाऊक. आणि याच काळात नव्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. ती रक्कम कोरोनाच्या मदतकार्याला दिली, हे मान्य केले पाहिजे. २ ऑक्टोबरनंतरच्या चार दिवसांत ९ हजारांवर गाड्यांची नोंदणी झाली. ज्याला परवडले त्याने सार्वजनिक वाहतुकीतून अंग काढून घेतले आणि ज्याला परवडले नाही तो रांगेत उभा राहिला.

सुरक्षिततेचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉक्सला धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. आतल्या माणसाचा जीव वाचावा म्हणून पोलाद कुठे जाड हवे याचा इतका विचार झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्याच ठाणे जिल्ह्यात ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. दार बंद होणारी लोकल हवी, ही मागणी त्या दिवशी सुचलेली नव्हती. या माणसांसाठी तारे कोण मोजतो?

आमच्या शहरातल्या शौकिनांचे एक उत्तर ठरलेले असते. "इथले रस्ते पाहिलेत का? इथे थारच पाहिजे!" हा विनोद म्हणून बोलला जातो, पण यातच सगळे आले. पावसाळ्यात घोडबंदर रस्ता आणि काशिमिऱ्याचा महामार्ग यांवरून जो गेला आहे, तो या वाक्याला हसून मान डोलावतो. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक. शहरात दोन फूट पाणी का साचते, हा प्रश्न विचारण्याऐवजी दोन फूट पाण्यातून जाणारी गाडी घ्यायची! नळाला पाणी नाही तर टँकर, महापालिकेची शाळा बरी नाही तर खासगी शाळा, रस्ता खराब तर उंच गाडी. ज्यांचा आवाज पालिकेच्या दालनात ऐकू जाईल, असे लोक एकेक करून उंच गाडीत चढून बसतात आणि खड्डा उरतो तो रिक्षावाल्याला, दुचाकीवाल्याला आणि पायी चालणाऱ्या बाईला. सरकारही चढणाऱ्यांनाच हात देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. दहिसरचा नाका त्यांतलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची फेररचना झाली आणि थारही स्वस्त झाली.

खरे म्हणजे या गाडीचे कूळ निराळे आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला अमेरिकन विलिस जीपची जुळणी सुरू केली. (त्या जीपच्या चेहऱ्याचा वारसा कुणाचा, यावरून अमेरिकेत खटला झाला आणि जून २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने महिंद्राच्या 'रॉक्सर' गाडीविरुद्ध निकाल दिला. शेवटी कंपनीला तिचे तोंड बदलावे लागले.) पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जीप आली ती कुणाच्या रुबाबासाठी नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणाले, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. कमांडर, मार्शल अशा गाड्यांत समोरासमोर दोन बाके, मांडीवर पोरे, टपावर पोती, मागे पायरीवर लटकलेला क्लीनर आणि अर्धा बाहेर बसलेला ड्रायव्हर. एसटी जिथे दिवसातून एकदा येई किंवा येतच नसे, तिथे बाळंतीण दवाखान्यात नेली ती याच जीपने. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेला आपला माणूस रेल्वे स्थानकापर्यंत पोचला तो याच जीपमधून. ती धोकादायक होती, कायदा मोडून माणसे कोंबत होती, पण सगळ्यांची होती. २०२० च्या थारमध्ये समोरासमोर बाकांचा सहा आसनी प्रकार सुरुवातीला होता. सुरक्षिततेच्या कारणाने तो काही आठवड्यांतच मागे घेतला गेला. कारण योग्यच. पण वडापची शेवटची खूण त्या दिवशी पुसली गेली आणि एकाही शौकिनाने त्यावर हळहळ व्यक्त केल्याचे आमच्या कानावर नाही.

इथे कुणी आम्हाला विचारील, आपल्या वस्तीतल्या पोराने थार घेतली तर तुमच्या पोटात का दुखते? मुळीच दुखत नाही. वाहनात बसण्याचा हक्क म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या लेकरांना दुसऱ्या कुणी शिकवू नये. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळेना. शेवटी महारवाड्यातल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला आणि घोडा-टांगा नदीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या बापाला टांग्यात बसू दिले नाही, त्यांनी हप्त्याने का होईना, स्वतःची गाडी घेऊन १४ एप्रिलला निळा झेंडा लावून मिरवावी. आम्ही टाळ्या वाजवू. फक्त हप्ता पगाराच्या किती टक्के जातो ते आधी कागदावर मांडावे, कारण गाडी ओढून नेणारा वसुलीवाला झेंड्याचा रंग पाहत नाही.

आमचे भांडण गाडीशी नाहीच. उंचीवर बसले की खालचा दिसेनासा होतो, त्याच्याशी आहे. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी लखीमपूर खेरीला आंदोलक शेतकऱ्यांना चिरडणाऱ्या वाहनांत थार होती, हे देशाने चित्रफितीत पाहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनी थार आणि बुलेट ही उडाणटप्पूंची वाहने असल्याच्या अर्थाचे विधान केले, तेव्हा मालकांच्या भावना दुखावल्या. सरसकट असे बोलणे चूकच. पण भावना दुखावल्या म्हणून जो आवाज उठला, तोच आवाज खड्ड्यात पडून मेलेल्या दुचाकीस्वारासाठी उठताना आम्ही ऐकला नाही.

हे शौकीन संघटित आहेत, माहितगार आहेत आणि चिकाटीचे आहेत. कोणत्या गाडीचे पोट जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. मीरा-भाईंदरच्या थारवाल्यांना आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीला दुपट्टीने खड्ड्यांची खोली आणि पाण्याची उंची मोजा, त्याचा तक्ता करा आणि महापालिकेच्या आयुक्तांना गाडीत बसवून काशिमिऱ्यापासून स्थानकापर्यंत एकदा फिरवून आणा. मागचे बाक रिकामे ठेवू नका. वाटेत पाण्यातून स्थानकाकडे चालत निघालेल्या दोघा-तिघांना त्यावर बसवून घ्या. गादी पांढरी असली तरीही.