गाणं झालं, तयारी राहिली

आळंदीहून बुवा आमच्याकडे पखवाज वाजवायला आले, तेव्हा पिशवीत गव्हाच्या पिठाची पुरचुंडी घेऊनच आले. वाटीभर पाणी मागून घेतलं, ताटलीत कणीक भिजवली, पखवाजाच्या डाव्या अंगावर थापली, तळहातानं घुमारा ऐकला, चिमूटभर कणीक काढली, पुन्हा ऐकला. मग शाईच्या अंगाकडे वळले. गठ्ठ्यांवर हातोडीचे हलके ठोके देत, तानपुऱ्याशी सूर मिळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. गाणं साडेचार मिनिटांचं होतं.

अभंग सोयराबाईंचा, चाल माझी, गाणारी माझी जुनी मैत्रीण, आणि खर्च आम्हा दोघांच्या खिशातला. आषाढीला गाणं लोकांपुढे यावं एवढीच इच्छा होती. गाणं मनासारखं झालं. मग एकादशीच्या दोन दिवस आधी, रात्री अकरानंतर मी गाणं ऑनलाइन सेवांवर चढवणाऱ्या वितरकाचा फॉर्म उघडला. दमलो होतो. गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहून टाकलं. वादकांची नावं पुढच्या पानावर भरायची होती, ती नंतर भरू म्हणून सोडली. एकादशीचं गाणं त्रयोदशीला लागलं, आणि तेही गायिकेशी नाव जुळणाऱ्या भलत्याच कुणाच्या पानावर.

दोन दिवसांनी बुवांचा फोन आला. "माऊली, गाणं ऐकलं. नातवानं लावून दिलं. फार गोड झालंय. तेवढं माझं नाव कुठं दाबल्यावर दिसतं, ते सांगा." आपल्यालाच नीट दाबता येत नाही, असं त्यांना वाटत होतं.

हा प्रसंग मी सांगितला की स्नेही समजूत घालतात. "गाणं चांगलं झालं ना? मग झालं. बाकीची उठाठेव कलावंतानं करू नये. चांगलं गाणं आपोआप पोचतं." हे मत आमच्यात फार आदरानं बोललं जातं. मीही ते वर्षानुवर्षं बाळगलं. आता मला ते पूर्णपणे चुकीचं वाटतं, आणि स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावर गाणी करणाऱ्या तरुण मंडळींचं त्यानं मोठं नुकसान चालवलं आहे.

आधी 'आपोआप'कडे पाहू. आज गाणं श्रोत्यापर्यंत शोधून पोचतं, आणि शोध अक्षरांवर चालतो. 'विठ्ठल' हा शब्द रोमन लिपीत आपल्याकडे किमान चार तऱ्हांनी लिहितात. आमच्या ळ आणि ण यांची तर प्रत्येक जण आपापल्या परीनं वासलात लावतो. एकाच गायिकेचं नाव तीन गाण्यांवर तीन तऱ्हांनी लिहिलं, तर यंत्राच्या लेखी त्या तीन बायका होतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाची बारा अक्षरअंकांची ओळख मिळते. वितरक बदलताना जुनी ओळख सोबत नेली नाही, तर तेच गाणं नवं ठरतं आणि आधीच्या ऐकण्याची मोजणी मागे राहते. स्पॉटिफायवर गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी संपादकांपुढे ठेवलं, तर ते आपल्याला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या यादीत जातं. यातलं काहीही आपोआप होत नाही. ज्याचं झालं असं आपल्याला वाटतं, त्याच्यामागे कुणीतरी बसून हे केलेलं असतं. ते करणारं माणूस आपल्याला दिसलं नाही, इतकंच.

याहून खोल आक्षेप दुसरा आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. गाणं ही साधना, तिथं नावाचा सोस कशाला? नाव म्हणजे अहंकार. हे ऐकलं की भले भले गप्प होतात. पण ज्या परंपरेच्या आधारानं हे बोललं जातं, ती परंपरा काय सांगते? संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गोवलं. नामदेवांनी, जनाबाईंनी, चोखोबांनी, तुकोबांनी. अहंकार सोडा म्हणून आयुष्यभर सांगणाऱ्या माणसांनी नाममुद्रेची जागा कधी रिकामी ठेवली नाही. चौदाव्या शतकातल्या सोयराबाई आज आपल्याला ठाऊक आहेत, त्या त्यांच्या मुद्रेमुळे. ज्या बाईला देवळाच्या दारात उभं राहू दिलं नाही, तिनं आपल्या शब्दांच्या आत स्वतःला उभं केलं. ती मुद्रा किशोरी आमोणकरांच्या गळ्यापर्यंत पोचली, आणि मी रात्री अकरानंतर तिच्या जागी 'पारंपरिक' लिहिलं. परंपरेनं सांभाळलेलं नाव माझ्या आळसानं पुसलं. याला विनम्रता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं तेव्हाही जाणत्या कलावंतांना नावाचं मोल कळलं होतं. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्या काळच्या मुद्रणांत गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव पुकारतात. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथं तबकड्या निघायच्या आणि त्यांवर लेबलं लागायची. तिथल्या कारागिराला ना भाषा कळणार, ना गाणारी कोण ते. म्हणून नाव सुरांच्या मागोमाग, त्याच तबकडीत. आजचा फॉर्म दुसरं काय विचारतो? परक्या देशातल्या एका यंत्राला तो सांगतो, हे कुणी गायलं, कुणाचे शब्द, कुणाचा हात.

"पण जुन्या लोकांनी अशी आखणी केली नाही, त्यांना आतून सुचत गेलं," असंही म्हणतात, आणि दाखला गीतरामायणाचा देतात. पहिलं गीत माडगूळकरांनी आधी लिहून दिलं होतं, कागद हरवला, आणि ऐन वेळी त्यांनी ते पुन्हा लिहून दिलं, ही आठवण महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ऐकणारा प्रतिभेपुढे हात जोडतो, तसा मीही जोडतो. मात्र त्या आठवणीतलं उरलेलं चित्रही पाहावं. पुणे आकाशवाणीवर दिवस ठरलेला होता, 1 एप्रिल 1955, रामनवमी. वेळ ठरलेली होती. चाल बांधायला सुधीर फडके होते, केंद्रावर सीताकांत लाड यांच्यासारखा माणूस पाठीशी होता. पुढे वर्षभर आठवड्यामागून आठवडे नवं गीत येत राहिलं, ती 56 झाली. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गळे त्या त्या गीतासाठी निवडलेले होते. ऐन वेळच्या प्रतिभेला उतरायला एवढी बांधलेली जागा होती. ती रामनवमी शुक्रवारी आली होती. जगभरच्या संगीत कंपन्यांनी नव्या गाण्यांसाठी शुक्रवार नक्की केला तो 2015 च्या जुलैत. श्रोत्याला वेळ सांगावी आणि ती पाळावी, हा संस्कार आपल्याला बाहेरून घ्यायची गरज नाही.

आपल्या संगीतात 'तयारी' या शब्दाचं वजन केवढं आहे! 'तयारीचा गवई' म्हटलं की ऐकणारा सावरून बसतो. त्या शब्दात हजारो तास आहेत, पहाटा आहेत, गुरूचा मार आहे. मग तोच शब्द स्टुडिओच्या दाराशी येऊन का मरतो? गळ्याची तयारी पवित्र आणि गाणं लोकांच्या हाती देण्याची तयारी हलकी, ही विभागणी कुणी केली? बुवांनी कणीक भिजवली, ते संगीतच होतं ना?

तयारी म्हणजे बाजार, असं म्हणणाऱ्यांशी मी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. गाणं व्हायच्या आधी त्यातले पंधरा सेकंद कोणते नाचवायचे याचा विचार करणं, पैसे मोजून खोटे श्रोते विकत घेणं, पाठोपाठ चित्रफिती सोडून माणसांना हैराण करणं, याला मी तयारी म्हणत नाही. याचा तिटकारा असणं निरोगीपणाचं लक्षण आहे. पण या तिटकाऱ्याच्या आडोशाला राहून आपण खरं कामही टाळतो. उदाहरणार्थ मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर पाठवण्याआधीचा शेवटचा हात. गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं म्हणून ते दाबून दाबून फुगवायचं, ही आमच्याकडची सवय. आता बहुतेक सेवा आवाजाची पातळी स्वतःच सारखी करतात, स्पॉटिफाय ती साधारण उणे 14 एलयूएफएसवर आणतं. म्हणजे फुगवलेलं गाणं तिथं खाली येतंच, आणि दबलेला घुमारा दबलेलाच राहतो. आमच्या गाण्यात नेमकं तेच झालं होतं. बुवांनी चिमटी-चिमटीनं जुळवलेला डावा हात फोनवर ऐकूच येत नव्हता. घाई नसती, तर मी ते रिक्षात, स्वयंपाकघरात, स्वस्तातल्या इअरफोनवर आठवडाभर ऐकलं असतं आणि परत पाठवलं असतं. हा आठवडा मी बाजारापासून वाचवला नाही, गाण्यापासून चोरला.

लेखी ठरवणं म्हणजे मैत्रीत अविश्वास, हे आणखी एक म्हणणं. "आपल्यात कशाला कागद?" हे वाक्य मी किती प्रेमानं उच्चारलेलं ऐकलंय, आणि त्या प्रेमाचा शेवट कसा झाला तेही पाहिलंय. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे आज चहावर केलेला तोंडी वायदा उद्या आपली मुलं, सुना, नातवंडं निस्तरणार. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनं त्याहून मोठी गोष्ट केली. गाण्यातल्या शब्दांचा आणि चालीचा कर्ता रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडूनच देऊ शकत नाही, तो वाटा जाऊ शकतो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी भांडून मिळवलेला हा हक्क आहे. आपण मात्र कवीला विचारतही नाही, की आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचं सदस्यत्व घेतलंस का.

आणि इथं 'स्वतंत्र' या शब्दाशी थोडं थांबावं लागतं. मोकळा, कुणाचं न ऐकणारा, असा त्याचा अर्थ आपण करून घेतलाय. शब्द सांगतो, ज्याचं स्वतःचं तंत्र आहे तो. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो. कंपनी नसली की निर्माता आपणच, मालकही आपणच. कंपन्यांनी वादकांची नावं गाळली, कवींना एकरकमी पैसे देऊन वाटेला लावलं, याचा राग आम्ही अनेक वर्षं गिळला. त्या रागातून स्वतंत्र झालो. आता खुर्चीवर आपण आहोत, आणि आळंदीचा म्हातारा माणूस आपल्याला विचारतोय, माझं नाव कुठं दाबल्यावर दिसतं.

शेवटी हताश मंडळी उरतात. त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज खाली येतो, कारण त्यांचं दुःख खरं आहे. "पैसे मिळतच नाहीत, मग कशासाठी?" एका मोठ्या सेवेनं 2024 पासून असं ठरवलंय की मागच्या बारा महिन्यांत गाणं 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याला मोबदला नाही. मराठी अभंगाच्या नव्या चालीला हा उंबरठा उंच आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. पण जिथं पैसे देता येत नाहीत, तिथं नाव तरी चोख द्यायला नको? बुवांनी त्या दिवशी घेतलेलं मानधन सांगायला मला संकोच वाटतो, इतकं ते कमी होतं. उरलेलं देणं मी नावानं फेडायला हवं होतं.

वितरकाकडे तीन वेळा लिहून गायिकेचं पान दुरुस्त झालं. गीतकाराच्या जागी सोयराबाई आल्या. बुवांचं नाव लागायला पाच आठवडे गेले. तोवर वारी परतली होती.

यंदा नवं गाणं केलं. या वेळी बुवांनी कणीक भिजवायला घेण्याआधी मी त्यांच्यापुढे वही ठेवली. ज्याचं नाव त्यानंच आपल्या अक्षरात लिहायचं, देवनागरीत आणि इंग्रजीतही, आणि खाली वाटा किती ते. इंग्रजी नातवानं लिहिलं. बुवांनी चष्मा लावून स्वतःचं नाव लिहिलं, मग थोडं थांबून त्याखाली आपल्या गुरूंचं नाव लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. फॉर्ममध्ये गुरूंसाठी रकाना नाही. गाण्याच्या माहितीत, पहिल्याच ओळीत, मी ते घातलंय. आळंदीच्या कार्तिकी यात्रेला अजून सात आठवडे आहेत, आणि मिक्स कालच परत पाठवलाय, डावा हात अजून दबतोय म्हणून.