वऱ्हाडचा दुष्काळ आणि आलेखाचा अक्ष

१/ आलेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, अन्यथा ती वाचकाची फसवणूक होय, असे मत हल्ली ठामपणे मांडले जाते. वऱ्हाडच्या चार जुन्या शिरगणत्या या नियमाची मर्यादा दाखवून देतात.

२/ वऱ्हाडची लोकसंख्या :
१८६७ – २२.२८ लाख
१८८१ – २६.७३ लाख
१८९१ – २८.९७ लाख
१९०१ – २७.५४ लाख
अखेरच्या दशकात १.४३ लाखांची घट झाली. १८९६-९७ ची टंचाई आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ याच दशकातले.

३/ तिवसा येथील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या मुलखाचे हे आकडे १० सेंमी उंचीच्या अक्षावर, शून्य ते ३० लाख असे मांडले, तर ही घट जेमतेम अर्धा सेंमी भरते. नियम पाळला जातो. दुष्काळ मात्र दिसेनासा होतो.

४/ दुसरे टोकही तितकेच घातक. अक्ष २७ ते २९ लाख एवढाच ठेवला, तर रेषा सात सेंमी कोसळते आणि निम्मे वऱ्हाड ओस पडल्याचा भास होतो. प्रत्यक्ष घट ५ टक्क्यांची आहे. शिवाय पहिल्या दोन शिरगणत्या कागदाबाहेर राहतात.

५/ येथे २२ ते ३२ लाख, १ सेंमी = १ लाख, हे प्रमाण अधिक योग्य ठरते. चारही बिंदू त्यात मावतात. वरची मर्यादा ३२ ठेवण्यासही कारण आहे. १८८१-९१ मध्ये लोकसंख्या ८.४ टक्के वाढली होती. तोच वेग टिकता तर १९०१ मध्ये ती ३१.४ लाख झाली असती. दशकाने हिरावलेले अंतर म्हणजे जवळपास ३.९ लाख. ३० लाखांवर थांबलेल्या अक्षावर हे अंतर उमटतच नाही.

६/ हे सर्व मृत्यू नव्हेत. घटलेले जन्म आणि स्थलांतर यांचाही त्यात वाटा असतो. आलेख प्रश्न उभा करतो. उत्तर कागदपत्रांत शोधावे लागते.

७/ आडव्या अक्षाकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिल्या दोन शिरगणत्यांत १४ वर्षांचे अंतर आहे, पुढे १०-१० वर्षांचे. चारही बिंदू समान अंतरावर ठेवले, तर १८६७-८१ ची चढण पुढील दशकाच्या दुप्पट भासते. वार्षिक वाढीचा हिशेब केल्यास ती सुमारे १.४ पटच निघते.

८/ स्तंभालेखात शून्य अनिवार्यच, कारण तेथे स्तंभाची उंची हीच संख्या म्हणून वाचली जाते. रेषालेखात वाचक चढउतार पाहतो. तेथे अक्ष मध्येच सुरू करता येतो. मात्र अक्ष तोडल्याची खूण आणि प्रमाण कागदावर स्पष्ट नोंदवलेच पाहिजे.

९/ प्रामाणिकपणा शून्यात नसतो. कोणता प्रश्न विचारला आणि त्यासाठी कोणते प्रमाण निवडले, हे उघडपणे सांगण्यात तो असतो. वऱ्हाडच्या दुष्काळाला एवढा न्याय मिळायला हवा.